नाणी वाजवून ओळखणारी मुलगी

आमच्या अंगणवाडीत मुलांना नाणी ओळखायला शिकवायचं मी ठरवलं ते एका खेळामुळं. मुलं दुकान-दुकान खेळत होती. एक जण दुकानदार झाला होता आणि त्याच्यापुढं खडे, चिंचोके, बाटल्यांची झाकणं असा माल मांडलेला होता. गिऱ्हाईक आलं, खडे उचलले, साबणाचं रिकामं खोकं भिंतीसमोर धरलं. लगेच दुकानदार बाईचा आवाज काढून म्हणाला, "दस रुपये प्राप्त हुए." गिऱ्हाईक निघून गेलं.

मी म्हटलं, "अरे, त्यानं पैसे कुठं दिले?"

"आले की बाई. बाई बोलली न्हाय का?"

"कुठली बाई?"

"डब्यातली."

मी आणि आमची मदतनीस खूप हसलो. पण घरी जाताना मनात आलं, या लेकरांनी आईबापांना कधी सुटे पैसे देताना पाहिलंच नाही. भाजीवाला, रिक्षावाला, वडापाववाला, सगळीकडं मोबाईल दाखवायचा आणि डब्यातल्या बाईनं बोलायचं. मग मी घरातली नाणी गोळा केली. देवापुढची, नवऱ्याच्या शर्टांच्या खिशातली, कपाटातल्या वाटीतली. पत्र्याच्या एका डब्यात घालून अंगणवाडीत नेली आणि रोज सकाळी प्रार्थना झाली की थोडा वेळ नाणी, असं सुरू केलं.

शिकवायला बसले तेव्हा कळलं, हे वाटतं तेवढं सोपं नाही. मोठ्यांचीसुद्धा गल्लत होते. रुपया दोन-तीन तऱ्हेचा, दोनचं नाणं कधी मोठं तर कधी रुपयाएवढंच, पाचचं जुनं जाड आणि पांढरं, नवं पातळ आणि पिवळं. दहाचं मात्र मुलांना लगेच आवडलं, कारण त्याला मध्ये एक रंग आणि कडेला दुसरा. वीसच्या नाण्याला कोपरे असतात हे एका पोरानं बोट फिरवून शोधून काढलं तेव्हा सगळ्यांनी ते आपापल्या गालावर घासून पाहिलं. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की तीन सिंह वर येतात, ते बघायला तर रोज भांडणं व्हायची.

आमची अंगणवाडी शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत आहे. बहुतेक घरांत तेलुगू बोलतात, बाहेर मराठी. मी मूळची सांगोल्याकडची. लग्न होऊन सोलापुरात आले, सात रस्त्याच्या पलीकडं घर केलं, आणि या मुलांकडूनच मोडकंतोडकं तेलुगू शिकले. नाण्याला ती 'बिळ्ळ' म्हणतात. आमच्या खोलीच्या भिंतीला लागून यंत्रमागांचं शेड आहे. सकाळी खटखट सुरू झाली की जमीन बारीक थरथरते, पाण्याच्या पिंपात वर्तुळं उठतात. त्या आवाजाची इतकी सवय होते की वीज गेली तरच तो होता हे ध्यानात येतं. एकदम सगळं गप्प होतं आणि मुलं आपोआप दबक्या आवाजात बोलायला लागतात. मला ती शांतता कधीच आवडली नाही.

त्या शांततेतच ती मुलगी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत भरली.

चार वर्षं पुरी होऊन गेलेली, अंगानं बारीक, दोन घट्ट वेण्या. बोलायची कमी. मान जरा एका बाजूला कलती ठेवून बसायची, कुणाचं तरी लांबचं बोलणं ऐकत असल्यासारखी. त्या दिवशी वीज गेलेली होती. मी एकेकाला बोलावून हातावर नाणं ठेवत होते. तिची पाळी आली. तिनं नाण्याकडं पाहिलंच नाही. फरशीवर बसली, नाणं बोटभर उंचीवरून सोडलं, कान खाली नेला आणि म्हणाली, "दोन रुपये."

बरोबर होतं. मी दुसरं दिलं. तेही तिनं पाडलं. "रुपाया." तिसरं उचललं, पाडायच्या आधीच कडेवरून नख फिरवलं, "पाच. जुनं."

मदतनीस म्हणाली, "बाई, ही पोरगी लई हुशार हाय की. आवाजावरनं वळखती."

मी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्याच मुलांना तो नाद लागला. जो तो नाणी पाडायला लागला, खोलीभर नुसता खणखणाट. ती मधे बसून प्रत्येक आवाजाला नाव देत होती आणि मुलं खूश होती. मला वाटलं, काही मुलांना देणगी असते, हिला कानाची आहे. घरी नवऱ्यालाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माग चालू होते. मी तिला पुढं बोलावलं. तिनं नाणं पाडलं. भिंतीपलीकडच्या खटखटीत तो आवाज ऐकू येण्यासारखा नव्हता. तिनं पुन्हा पाडलं. कान पार फरशीला टेकवला. मग चेहरा रडवेला करून म्हणाली, "एक." ते दोनचं होतं. नंतरचंही चुकलं. दहाचं तेवढं हाताला लागताच ओळखलं.

"अगं, बघ ना त्याच्यावर काय लिहिलंय. अंक येतो ना तुला?"

अंक तिला यायचे. दहापर्यंत घडाघडा म्हणायची. तिनं नाणं उजव्या डोळ्याच्या इतकं जवळ नेलं की पापण्या त्याला लागल्या. मग ते माझ्या हातावर ठेवायला गेली आणि हात माझ्या हाताच्या शेजारी, हवेत उघडला. नाणं खाली पडलं.

मी ते उचलून डब्यात टाकलं. पुढचे काही दिवस मात्र तिच्यावर नजर ठेवली. वीज गेली की तिची सगळी नाणी बरोबर, माग चालू असले की चूक. खाऊ वाटताना मी डावीकडून वाटी पुढं केली तर तिला कळायचं नाही. खाऊचा वास आला की मग हात पुढं यायचा. दारातून आत येताना ती चौकटीला आधी बोटं लावायची. हे सगळं ती इतक्या सहज करायची की न शोधणाऱ्याला दिसलंच नसतं. एवढ्या लहान मुलीला ते इतकं सहज कसं जमतं, हे मला कळेना.

मग उन्हं तापायला लागली. आमच्या खोलीचं दार पूर्वेला. सकाळी उन्हाची एक तिरीप आत येऊन फळ्यापर्यंत जाते. ती मुलगी त्या तिरिपेत बसली होती. मदतनिसीनं तिला हाक मारली, तिनं मान वळवली, आणि तिच्या डाव्या डोळ्याची बाहुली पांढरी झाली. काळी असायची ती जागा आतून उजेड लागल्यासारखी लख्ख पांढरी, रात्री रस्त्यात मांजराचा डोळा चमकतो तशी. क्षणभरच. तिनं मान हलवली आणि डोळा पुन्हा साधा झाला.

मदतनिसीच्या हातातलं पातेलं खाली टेकलं. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमी बघितलं का?"

"बघितलं."

"आमच्याकडं असल्या लेकराला सांजच्याला भायेर काढत न्हाईत. चांगलं नसतंय ते."

"तू कुणाजवळ काही बोलू नकोस," मी म्हटलं.

मुलांची वाढ नोंदवायला आम्हाला मोबाईल दिलेला असतो. मी सगळ्या मुलांना भिंतीशी उभं केलं आणि फ्लॅश लावून फोटो काढला. मुलं हसत होती. फोटोत सगळ्यांचे डोळे होते तसे होते. तिचा एक डोळा पांढरा होता. मोठं करून पाहिलं तर दुसऱ्यातही बाहुलीच्या कडेला पांढुरकी कोर होती. मी मोबाईल पालथा घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

त्या दुपारी तिला घरी सोडायच्या निमित्तानं मीच गेले. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. दारात तिची आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. तंबाखूचा वास गल्लीच्या तोंडापासून येत होता. मुलीचे वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला, त्यांची पाळी होती. आतून आई आली. कडेवर दात यायला लागलेलं बाळ, तिचा धाकटा भाऊ.

या बाईला मी ओळखत होते. मुलीला न्यायला यायची, पदर डाव्या गालावरून पुढं ओढलेला, बोलताना चेहरा उजवीकडं वळवलेला. तिचा डावा डोळा गेलेला आहे, लहानपणी मागाचा धोटा उडून लागला, असं वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडं धावणारा तो टोकदार लाकडी तुकडा. तो उडून माणसं जखमी झाल्याचं इथं प्रत्येकानं ऐकलेलं असतं, त्यामुळं कुणी कधी पुढं विचारलं नाही.

मी तिला फोटो दाखवला. तिनं मोबाईल हातात घेतला नाही. लांबूनच पाहिला.

"तिला काय नाय ओ बाई. फोटोत असंच येतंय."

"बाकीच्या मुलांचं नाही आलं. डॉक्टरांना एकदा दाखवू या. मी येते बरोबर."

"उष्णता हाय," आजी सुपातून मान न काढता म्हणाली. "कडू लिंबाच्या पाण्यानं धुतलं की जातंय."

आईनं मुलीला आत ओढलं. दार लावून घेताना ती माझ्याकडं पाहत होती. मला तिचा राग दिसेल असं वाटलं होतं. दिसली ती भीती, आणि तीही आज आत्ता बसलेली नव्हे, जुनी, अंगवळणी पडलेली.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. त्यानंतरही आली नाही. मदतनीस बोलवायला गेली तर तिला दाराआडूनच सांगितलं, ताप आहे. गल्लीत कुजबुज सुरू झाली होती, कुणी केली कोण जाणे. एका आईनं मला विचारलं, "बाई, ती पोरगी माझ्या पोराच्या शेजारी बसत होती का?" मी म्हटलं, बसायची, मग? तिनं पोराचा हात धरला आणि निघाली. वीज जाण्याचे ते दिवस होते. खोली गप्प झाली की मुलं फरशीवर नाणी पाडायची आणि माझ्याकडं बघायची, कारण आता नाव सांगणारं कुणी नव्हतं. शेवटी मी तो डबा कपाटात ठेवून दिला.

सात रस्त्याजवळ एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत, माझ्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी केलेलं. मी त्यांच्याकडं गेले आणि फोटो दाखवला. एरवी ते बडबडे. फोटो पाहिल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला.

"वय काय?"

मी सांगितलं.

"आईवडिलांपैकी कुणाला डोळ्याचं काही?"

"आईचा एक डोळा गेलेला आहे. धोटा लागून."

"धोटा लागताना कुणी पाहिलंय?"

मला प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "धाकटं भावंड आहे?"

"आहे. तान्हा मुलगा."

डॉक्टरांनी मोबाईल मला परत दिला. "दोन्ही मुलांना घेऊन या. आईलाही आणा. उद्या आणा, परवा आणा, पण या आठवड्यात आणाच. मला जे वाटतंय ते नसेल तर मी आनंदानं तुमचा वेळ घेतल्याबद्दल माफी मागेन. पण असलं तर ते डोळ्यात थांबत नाही. डोक्यात जातं."

बाहेर आले तर सिग्नलला गाड्या तुंबल्या होत्या, हॉर्न वाजत होते, रसवंतीवर माणसं उभी होती. मला त्यातलं काहीच नीट ऐकू येत नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी भर दुपारी गेले. आजी वळलेल्या विड्या कारखान्यावर द्यायला जाते ती वेळ मला माहीत होती. दार उघडंच होतं. मुलगी जमिनीवर बसली होती आणि तिच्यापुढं आई. दोघींच्या मधे नाणी होती. आईनं मुलीचे डोळे पदरानं बांधले होते. ती एक नाणं फरशीवर टाकायची आणि मुलगी नाव सांगायची. चुकलं की आई तिचं बोट धरून नाण्याच्या कडेवरून फिरवायची, पुन्हा पुन्हा, न रागावता.

मी उंबऱ्यात उभी राहिले. तिनं मला पाहिलं, पण थांबली नाही. हातातलं नाणं टाकलं.

"रुपाया," मुलगी म्हणाली.

"तू शिकवलंस हे तिला?" मी विचारलं.

"मग कोण शिकवणार." तिनं मुलीच्या डोळ्यांवरचा पदर सोडला. मुलीला मागच्या खोलीत बाळाजवळ बसायला पाठवलं. मुलगी भिंतीला हात लावत गेली. मग आई म्हणाली, "पुढं तिला कुणी फसवू नये. दुकानात जाईल, कुणी रुपया देऊन पाचचं म्हणेल. चूल, पाणी, जिना, सगळं शिकवलंय. शाळेत तुमच्या ध्यानात येऊ नये म्हणून दार कसं धरायचं ते पण."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"पाजताना दिसलं. ट्यूबचा उजेड पडला आणि डोळा लख्ख झाला. मला लगेच कळलं." तिनं पदर गालावरून बाजूला केला. मी तिचा तो डोळा असा समोरून कधी पाहिला नव्हता. बारीक झालेला, आत ओढलेला, राखेच्या रंगाचा. "हे धोट्यानं नाय झालं बाई. मी पण लहान असताना असाच चमकायचा म्हणे. मग सुजला, लई दुखला, आणि असा आटून गेला. माझ्या पाठच्या भावाचे दोन्ही चमकायचे. त्याचा आटला नाय. तो वाढत गेला, बाहेर आला. भाऊ राहिला नाय."

ती अगदी सरळ आवाजात सांगत होती, बाजारभाव सांगावा तसं.

"लग्न जमत नव्हतं. आईनं धोट्याचं सांगितलं. एकदा सांगितल्यावर मग तेच खरं झालं. आता मी काय सांगू घरात? माझ्या पोटातनं आलंय म्हणून? सासू मला एक रात्र ठेवणार नाय. मला वाटलं, माझ्यासारखा हिचा पण आटेल. एका डोळ्यावर निघतंय की आयुष्य. माझं निघालंच."

"आणि बाळाचं?"

तिनं मागच्या खोलीकडं पाहिलं.

"बाळाचा डोळा बघितलास कधी उजेडात?"

"मी त्याला उजेडात नेत नाय," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मागच्या खोलीच्या खिडकीला पोतं ठोकलेलं आहे. बाहेर एवढं ऊन आणि आत त्या लेकराचा नुसता आवाज येत होता.

मी तिच्याजवळ बसले. डॉक्टर जे म्हणाले ते सगळं सांगितलं, काही मऊ न करता. म्हटलं, तुझा आटला ते नशीब, दहा जणींत एखादीला मिळतं की नाही कुणास ठाऊक. तुझ्या भावाला मिळालं नाही. मुलीचं काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण वाट बघत बसलीस तर तुझा भाऊ पुन्हा बघशील. ती रडली नाही. फरशीवरची नाणी एकेक करून उचलली, कमरेच्या पिशवीत घातली आणि म्हणाली, "सासू यायच्या आत निघू."

मुलीला मी घेतलं, बाळाला तिनं पदराखाली. रिक्षात बसल्यावर तिनं बाळाचं तोंड आपल्या छातीत दाबून धरलं होतं, उजेड लागू नये म्हणून. मी म्हटलं, गुदमरेल गं. तिनं हात सैल केला, पण पदर काढला नाही.

डॉक्टरांनी मुलीच्या डोळ्यांत औषध घातलं आणि अंधाऱ्या खोलीत नेलं. खूप वेळ लागला. बाहेर आले तेव्हा त्यांनी आईला बसायला सांगितलं. डाव्या डोळ्यात मोठी गाठ आहे, तो डोळा आता काढावाच लागेल. उजव्यातही आहे, पण तो वाचवता येईल कदाचित. हा कॅन्सर आहे. हैदराबादला याचं मोठं रुग्णालय आहे, मी चिठ्ठी देतो, फोन करतो, उशीर करू नका. मग ते म्हणाले, "बाळ आणा आत."

आई उठली नाही. बाळाला घट्ट धरून ती खुर्चीत तशीच बसून राहिली. डॉक्टर थांबले. मी तिच्या खांद्याला हात लावला, तर अंगाला आमच्या खोलीच्या फरशीसारखी बारीक थरथर होती. शेवटी मुलगीच बोलली. औषधानं तिला काहीच दिसत नव्हतं, ती आईच्या पायाला धरून उभी होती. "अम्मा, दुखत नाय," ती म्हणाली. "गार लागतंय."

बाळाच्या एका डोळ्यात, अगदी कडेला, एक लहान डाग होता.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेले. वडील पाळी संपवून आलेले, दारात उभे होते. आजी आत. आईनं काही लपवलं नाही. भावाचं, धोट्याचं, सगळं उभ्याउभ्या सांगितलं, तेलुगूत. मला निम्मंच कळलं, पण आजीचा चेहरा बघून बाकीचं कळत गेलं. आजीनं सूप बाजूला ठेवलं. तंबाखू सांडली. ती सुनेला काहीतरी म्हणाली, मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाली, "घरात विष आणून ठिवलं हिनं. आमाला सांगितलं न्हाय."

मला वाटलं, आता हिला बाहेर काढतील. शेजारची माणसं दारांत येऊन उभी होती. वडील पायरीवर बसले. डोकं खाली. मग त्यांनी मला विचारलं, "बाई, डोळा काढल्यावर जीव राहतोय नव्हं?"

"राहतो म्हणाले डॉक्टर. लवकर गेलं तर."

"आणि बाळाचा?"

"त्याचा डोळा पण राहील. लहान आहे डाग."

ते उठले आणि गाडीची चौकशी करायला गेले. बायकोशी एक शब्दही बोलले नाहीत. ते रागावले होते की नव्हते, मला आजही सांगता येणार नाही.

मुलीचा डावा डोळा काढला. उजव्यासाठी महिनोनमहिने औषधं चालली, तिच्या दोन्ही वेण्या गेल्या. ते लोक हैदराबादला जायचे, यायचे, पुन्हा जायचे. भाषा तिथली त्यांचीच, तेवढा एक आधार होता. बाळाच्या डागावर लेझर दिलं. मधल्या काळात आजी सुनेच्या हातचं पाणी पीत नव्हती, स्वतःची भाकरी स्वतः थापायची, असं मदतनीस सांगायची. वस्तीतल्या दोन-तीन घरांनी मुलं अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. मी त्यांच्या दारात जाऊन समजावलं, हे शिवून होत नाही, शेजारी बसून होत नाही. ऐकून घेतलं सगळ्यांनी. मुलं मात्र पाठवली एकाच घरानं.

मुलगी यंदा पहिलीत गेली. डाव्या जागी बनवलेला डोळा आहे, तो थोडा मोठा वाटतो. उजव्यानं तिला जवळचं दिसतं, जाड चष्म्यातून. शाळा आमच्या शेजारीच, मधल्या सुट्टीत ती माझ्याकडं येऊन बसते. वर्गात ती आता खूप बोलते, असं तिच्या बाईंचं म्हणणं आहे. माझी सवय मात्र मोडत नाही. कुठलंही मूल सकाळच्या उन्हात मान वळवतं तेव्हा माझी नजर आधी त्याच्या बाहुलीवर जाते. लग्नात गेले तरी मी लोकांची लेकरं तशीच बघते. नवरा म्हणतो, तू आता माणसांच्या डोळ्यांत बघून बोलतच नाहीस, डोळ्यांच्या आत बघतेस.

बाळ आता घरभर पळतं. त्याला दर थोड्या दिवसांनी भूल देऊन तपासतात. डॉक्टरांनी आईला आधीच सांगून ठेवलं होतं, पहिली काही वर्षं नवे डाग उगवू शकतात. गेल्या तपासणीत उजव्या डोळ्यात, जो आतापर्यंत स्वच्छ होता, काहीतरी दिसलं. डाग आहे की नुसती रेघ, ते आताच सांगता येत नाही, परत या, असं म्हणाले.

काल सकाळी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले होते. वडिलांना सुट्टी मिळाली नाही. आई एकटीच, बाळ कडेवर, पिशव्या पायाशी. पदर डोक्यावर होता, गालावरून पुढं ओढलेला नव्हता. गाडी लागली तशी गर्दीतून आजी आली. हातात स्वतःची पिशवी, काखेत घडी केलेली सोलापुरी चादर. सुनेनं तिच्याकडं पाहिलं.

"तिकीट काढलंय मी," आजी म्हणाली. "भूल उतरल्यावर पोरगं लई रडतंय म्हणतीस. एकटी कशी धरणार?"

सुनेनं सरकून तिला डब्यात चढायला जागा केली. दोघी खिडकीशी समोरासमोर बसल्या, आणि बाळ दोघींच्या मधे उभं राहून फलाटावरच्या माणसांकडं बघत होतं. मी खिडकीतून हात घालून त्याच्या डोक्यावरून फिरवला. आईनं विचारलं, "बाई, काय असेल?"

मी म्हटलं, "पोचलीस की फोन कर."

गाडी हलली. दोघींपैकी कुणीच मागं वळून पाहिलं नाही.